टर्पेंटाइन म्हणजे नक्की कुठलं?

माझ्या मोबाईलवर रोज सकाळी सुप्रभातच्या फुलांबरोबर एखादं तरी औषध येतं. मधुमेहावर भेंडीचं पाणी, गुडघ्यांना मेथी, केसांना कांदा. भेंडीचं पाणी पिऊन फार तर तोंडाची चव जाईल, म्हणून मी वाद घालत नाही. पण गेल्या पावसाळ्यात आमच्या निवृत्त शिक्षकांच्या गटात एक निरोप आला आणि मला गप्प बसवेना. सांधे दुखत असतील तर टर्पेंटाइनमध्ये कापूर विरघळवून चोळा, पोरांना खोकला झाला तर छातीला लावा, पोटात जंत असतील तर साखरेवर टर्पेंटाइनचे थेंब घालून अनशापोटी घ्या. 'शंभर टक्के नैसर्गिक, दुष्परिणाम नाहीत' असं वर ठळक अक्षरांत. त्यावर सात-आठ जणांनी अंगठे दिले. आणि हे सगळे आयुष्यभर मुलांना 'कशावरून?' असं विचारायला शिकवणारे लोक!

मी लिहिलं, की हे फार धोक्याचं आहे, कृपया काढून टाका. लगेच उत्तर आलं, "बाई, तुमचा विषय मराठी. विज्ञानात कशाला पडता?"

तर आता सविस्तरच पडते. कारण माझं म्हणणं असं, की हा घोळ आधी भाषेचा आहे आणि विज्ञानाचा नंतर. 'टर्पेंटाइन' या एका शब्दाखाली आपल्या बाजारात दोन अगदी वेगळे द्रव विकले जातात. औषधाचं जुनं पुस्तक ज्याच्याबद्दल बोलतं ते वेगळं आणि आज तुमच्या माळ्यावर रंगाच्या डब्यांशेजारी जी बाटली उभी आहे तिच्यातलं वेगळं. घरगुती औषधात 'टर्पेंटाइन' असा मोघम शब्द लिहून मोकळं होणं हा मला बेजबाबदारपणा वाटतो. मग लिहिणारा व्हॉट्सअ‍ॅपवरचा अनामिक असो, नाहीतर वर्तमानपत्राच्या पुरवणीतला सदरलेखक.

पहिलं टर्पेंटाइन झाडाचं. हिमालयाच्या उतारांवर चीड नावाचा पाइन वाढतो. संस्कृतात यालाच सरल म्हणतात. (बी.ए.ला संस्कृत दुय्यम विषय होता त्यांना मेघदूत आठवेल. वाऱ्यानं सरलाची खोडं एकमेकांवर घासून वणवा पेटला आणि त्यात चमरींच्या शेपट्या होरपळत असल्या, तर तो विझव, असं यक्ष मेघाला सांगतो. हे झाड किती पेट घेणारं आहे हे कालिदासाला पक्कं ठाऊक होतं.) चीडच्या खोडाला खाचा करून जो चिकट चीक जमवतात त्याला कुमाऊँ-गढवालकडे लीसा म्हणतात. हा लीसा वाफेवर ऊर्ध्वपातित केला की तेल वेगळं होतं आणि खाली राळ उरते. १०० किलो लिशातून साधारण १५ ते २० किलो तेल आणि ७० ते ७५ किलो राळ. बरेलीजवळ क्लटरबकगंजला याचा मोठा कारखाना होता; हिमाचलात नाहन आणि बिलासपूर इथे सरकारी कारखाने उभे राहिले. सारंगीच्या गजाला लावतात ती राळ आणि हे तेल अशी ही सख्खी भावंडं.

हे तेल म्हणजे मुख्यतः पायनीन नावाच्या घटकाचे प्रकार, आणि आपल्या चीडच्या तेलात भरीला कॅरीन. पाण्यासारखं पातळ, पाण्याहून हलकं, पाण्यात न मिसळणारं. वास उग्र, पण झाडाचा. कामाला मात्र हा गडी मोठा वाघ आहे. चित्रकार तैलरंग पातळ करायला हेच घेतात, आणि डामर नावाची राळ विरघळवून वॉर्निश करायचं तर हेच लागतं, दुसऱ्यानं ते नीट होत नाही. देवापुढं आपण जो कापूर लावतो तो आता क्वचितच कापराच्या झाडाचा असतो. टर्पेंटाइनमधल्या पायनीनपासून कारखान्यात कापूर बनतो. म्हणजे आरतीचा धूर आणि रंगाऱ्याची बाटली यांचं मूळ एकच निघालं!

आता दुसरं. याचा झाडाशी संबंध फक्त नावापुरता. कच्च्या तेलाच्या शुद्धीकरणात पेट्रोल आणि डिझेलच्या मधे जे अंश निघतात, रॉकेल ज्यातलं, त्याच्या शेजारचा हा एक. १४५ ते २०५ अंश सेल्सियसच्या दरम्यान उकळणारा. तेल कंपन्या त्याला मिनरल टर्पेंटाइन ऑइल म्हणतात. झाडाच्या तेलापेक्षा कितीतरी स्वस्त, म्हणून रंगाच्या दुकानात आज 'टर्पेंटाइन द्या' म्हटलं की जवळजवळ नेहमी हेच मिळतं. रंग पातळ करायला, ब्रश धुवायला ते उत्तम आहे, त्याबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार नावाबद्दल आहे. भारतीय मानकांत दोघांचे क्रमांक वेगळे आहेत: झाडाच्या तेलाला ५३३ आणि या दुसऱ्याला १७४५. आणि गंमत अशी, की १७४५ क्रमांकाच्या मानकाचं शीर्षक 'पेट्रोलियम हायड्रोकार्बन सॉल्व्हंट' असं आहे. टर्पेंटाइन हा शब्द त्यांनी शीर्षकात घेतलेलाच नाही. म्हणजे सरकारी कागदाला जे कळतं ते दुकानाच्या नरसाळ्यापर्यंत येता येता हरवतं.

हा फरक शब्दच्छल नाही हे मी स्वतः पाहिलं आहे. आमच्या शाळेत विज्ञानाचे एक सर दरवर्षी क्लोरीनचा प्रयोग दाखवत. वायुपात्रात हिरवट पिवळा क्लोरीन भरलेला, त्यात कोमट टर्पेंटाइनमध्ये बुडवलेला गाळणकागद चिमट्यानं सोडायचा. काडी नाही, ठिणगी नाही, कागद आपोआप भडकायचा आणि काळ्या काजळीचे लोट निघायचे. मी माझा मोकळा तास असला की मागच्या बाकावर जाऊन बसायची. एका वर्षी प्रयोग चाललाच नाही. सरांनी तीनदा कागद बुडवला, मुलं हसायला लागली. शेवटी कळलं, प्रयोगशाळेतली बाटली संपली म्हणून शिपायानं रंगाच्या दुकानातून 'टर्पेंटाइन' आणलं होतं. झाडाच्या तेलातल्या रेणूंवर क्लोरीन तुटून पडतो, खनिजातल्यांना तो सहसा असा हातही लावत नाही. सरांनी ती बाटली दार-खिडक्यांच्या रंगासाठी ठेवून दिली आणि मुलांना म्हणाले, "लिहून घ्या, चिठ्ठीवर विश्वास ठेवू नये." (यातून आणखी एक गोष्ट निघते. विहिरीत टाकायची ब्लीचिंग पावडर आणि टर्पेंटाइन एका फळीवर ठेवू नका. एकमेकांत सांडले तर आग लागू शकते.)

यावर मला एक आक्षेप ऐकवला गेला, आणि तो चांगला आहे म्हणून इथे देते. शब्दांचे अर्थ बदलतच असतात, बाई, मग हट्ट कशाला? टर्पेंटाइन हा शब्दच मुळात टेरेबिंथ नावाच्या झाडावरून आला, ग्रीकांचं ते झाड पिस्त्याच्या कुळातलं, पाइनच्या नाही. मग पाइनच्या तेलानं नाव उचललं, आता खनिज तेलानं उचललं. चालायचंच.

चालायचं कुठे आणि कुठे नाही, हाच तर प्रश्न आहे. माझ्या लहानपणी वनस्पती तूप घराघरात शिरलं. डबे आले, जाहिराती आल्या. पण मराठी बायकांनी त्याला तूप म्हणून पंगतीत बसवलं नाही. त्याला 'डालडा' म्हटलं आणि घरच्या तुपाला 'साजूक' हे विशेषण घट्ट चिकटवून टाकलं. पोळीवर साजूक, तळणाला डालडा. कायद्यानंही मदत केली: वनस्पतीत तिळाचं तेल घालणं सक्तीचं होतं, म्हणजे तुपात भेसळ केली तर साध्या रासायनिक परीक्षेत गुलाबी रंग येऊन चोरी पकडता यावी. रेशनच्या रॉकेलला निळा रंग घातला तोही अशाच कारणासाठी. इंग्लंडात या खनिज द्रवाला 'व्हाइट स्पिरिट' म्हणतात, किंवा डब्यावर सरळ 'टर्प्स सब्स्टिट्यूट', म्हणजे बदली खेळाडू, असं छापतात. तूप आणि रॉकेल यांच्याबाबतीत आपण जे केलं ते इथेच का जमू नये? माझी सूचना आहे की याला 'रंगाचं रॉकेल' म्हणावं. नातवाच्या छातीला 'रंगाचं रॉकेल' चोळायला कुठली आजी धजावेल? (जखमेवर आणि उवांवर रॉकेल लावणाऱ्या आज्या मी पाहिल्या आहेत, हे मान्य. पण त्यांना निदान आपण काय लावतोय हे माहीत होतं.)

आता कोणी म्हणेल, ठीक आहे, मग आम्ही शोधून झाडाचंच आणतो, शुद्ध, नैसर्गिक. मग तर घेता येईल?

नाही. इथेच त्या निरोपातला सगळ्यात घातक शब्द लपला आहे. 'नैसर्गिक'. धोतरा नैसर्गिक आहे, कण्हेर नैसर्गिक आहे, बिब्बाही नैसर्गिकच. झाडाचं टर्पेंटाइन पोटात गेलं तर पोटात आग होते, उलट्या, गुंगी, फेफरं, मूत्रपिंडांना इजा होऊन लघवीतून रक्त, असं सगळं होऊ शकतं. (लघवीला व्हायोलेटच्या फुलांसारखा वास येतो हेही विषशास्त्राच्या पुस्तकांत दिलेलं असतं. विषाला इतकी सुंदर खूण!) लहान मुलात १५ मिलिलिटर, म्हणजे एका मोठ्या चमच्यानंही मृत्यू झाल्याची नोंद आहे. आणि पोटापेक्षा मोठा धोका फुप्फुसांचा. हे द्रव इतके पातळ असतात की गिळताना किंवा उलटी होताना ठसका लागला तर थोडंसंच श्वासनलिकेत उतरून फुप्फुसभर पसरतं आणि न्यूमोनियासारखी सूज आणतं. या बाबतीत मात्र झाडाचं आणि खनिजाचं असा भेद नाही, दोन्ही सारखीच वाईट.

साखरेवरचे थेंब हा उपाय अमेरिकेतून फिरत फिरत आपल्याकडे आला आहे. तिथल्या दक्षिणेकडच्या राज्यांत गुलामगिरीत पिचलेल्या, नंतर गरिबीत राहिलेल्या लोकांना डॉक्टर मिळत नसे, हाताशी पाइनची जंगलं होती, म्हणून जंतांवर, सर्दीवर ते टर्पेंटाइन घेत. २०१८ मध्ये टिफनी हॅडिश या विनोदी अभिनेत्रीनं आपण साखरेबरोबर चमचाभर टर्पेंटाइन घेतो असं मुलाखतीत सांगितलं, तेव्हा तिथल्या डॉक्टरांना घेऊ नका म्हणून सांगत सुटावं लागलं. ज्यांना दुसरं काही मिळत नव्हतं त्यांचा तो नाइलाज होता. आपल्याकडे जंतांची गोळी प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि शाळेत फुकट देतात. वर्गातल्या मुलांना ती गोळी रांगेनं चावून खायला लावणारे आम्हीच शिक्षक, आणि तेच आता साखरेवरच्या थेंबांना अंगठा दाखवतात, याला काय म्हणावं!

"पण डॉक्टरसुद्धा वापरतात" हे मला दोघांनी सांगितलं. वापरतात, खरं आहे. जखमेत अळ्या पडल्या तर टर्पेंटाइन सोडून त्या बाहेर काढायची पद्धत आपल्या दवाखान्यांत आहे, जनावरांच्या दवाखान्यात तर आहेच. डॉक्टर मोजून सोडतात, चिमट्यानं एकेक अळी वेचतात, जखम धुतात. गाई-म्हशींच्या पोटफुगीवर गोड्या तेलात टर्पेंटाइन पाजतात, तेही जनावराच्या वजनाप्रमाणे, आणि पाजताना ठसका लागला तर जनावर दगावतं हे कुठलाही जुना गवळी सांगेल. छातीला चोळायच्या मलमाच्या डबीवरही बारीक अक्षरात टर्पेंटाइन तेल लिहिलेलं असतं. तिथं ते थोडं असतं, मलमात बसवलेलं असतं, आणि तान्ह्या मुलांना लावू नका, पोटात घेऊ नका असं शेजारीच छापलेलं असतं. ती सूचना आपल्या निरोपात कुठे आहे?

"आमच्या आजीनं आयुष्यभर चोळलं, काही झालं नाही." आजीची बाटली औषधाच्या दुकानातली होती, तिच्यात झाडाचं तेल होतं आणि ती ते बहुधा खोबरेलात मिसळून लावत होती. शिवाय जुनं, हवा लागून चिकट झालेलं टर्पेंटाइन कातडीला जास्त बाधतं. चीडच्या तेलातल्या कॅरीनचा हवेशी संयोग होऊन जे पदार्थ बनतात त्यांनी रंगाऱ्यांच्या हातांना इसब होतं. एकदा ती बाधा जडली की पुढे थोड्याशा स्पर्शानंही उठते.

दोन वर्षांपूर्वी दिवाळीच्या आधी शेजारच्या बिल्डिंगमध्ये रंगकाम चालू होतं. रंगाऱ्यानं टर्पेंटाइन आणलं ते कोल्ड्रिंकच्या बाटलीत, कारण दुकानदारानं पिंपातून त्यातच भरून दिलं होतं. बाटली बाथरूमच्या दाराशी. घरातला अडीच वर्षांचा नातू तिच्यापर्यंत पोचला. घोट किती गेला कुणालाच माहीत नाही, फार नसावा, पण खोकत सुटला. आजीनं घाबरून मिठाचं पाणी पाजून त्याला उलटी करवली. तिच्या पिढीला, म्हणजे माझ्याच पिढीला, विषावर एवढंच शिकवलं गेलं होतं. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, "काय प्यायला?" "टर्पेंटाइन." "कुठलं? बाटली आणलीत का?" बाटली घरी होती, आणि आणली असती तरी तिच्यावर एका संत्र्याच्या सरबताचं चित्र होतं. दुसऱ्या दिवशी मुलाला ताप चढला, श्वास लागला, छातीच्या फोटोत सूज दिसली. सहा दिवस ऑक्सिजन आणि सुया. वाचला. आता छान आहे, जिन्यात भेटला की मला 'बाई' म्हणून हाक मारतो.

मी त्यानंतर आमच्या भागातल्या रंगाच्या दुकानात गेले. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी, शुद्धलेखनात बरा होता. त्याला म्हटलं, "अरे, निदान बाटलीवर कागद तरी चिकटव." तो म्हणाला, "बाई, टर्पेंटाइन म्हणजे टर्पेंटाइन. लोकांना माहीत असतं. आणि लोक बाटली घरून आणतात, मी काय करू?" त्याचं निम्मं खरं आहे. लोक घरून पाण्याची बाटली आणतात आणि पाच-दहा रुपये वाचवतात. पण उरलेलं निम्मं त्याचं आहे. पिंपातून नरसाळ्यानं सुटं विकताना त्याला नाव लिहायचा कंटाळा येतो, आणि कंपनीच्या बंद डब्यावर असलेली सूचनाही इंग्रजीत, मुंगीच्या अक्षरांत. महाराष्ट्रात दुकानाची पाटी मराठीत हवी म्हणून केवढी आंदोलनं झाली! आत विकल्या जाणाऱ्या विषावरची पाटी मराठीत असावी म्हणून कोणी अजून तरी दगड उचललेला मला दिसला नाही.

मागणी काही फार नाही. सुटं विकायचं तर दुकानदाराच्याच बाटलीत, खाण्यापिण्याच्या बाटलीत नाही. वर मराठीत मोठ्या अक्षरात 'खनिज' किंवा 'झाडाचं', आणि 'पिऊ नये, मुलांपासून लांब'. आणि सदरं लिहिणाऱ्यांनी हा शब्द औषधाच्या कृतीतून सरळ खोडून टाकावा.

आगीबद्दलही सांगायला हवं, कारण आपलं रंगकाम नेमकं दिवाळीच्या तोंडावर निघतं. झाडाच्या टर्पेंटाइनची वाफ साधारण ३५ अंशांपासूनच ठिणगीनं पेट घेऊ शकते आणि खनिजाचीही त्याच आसपास. विदर्भात मे महिन्यात सावलीतला पारा याच्या कितीतरी वर असतो. वाफ हवेपेक्षा जड, त्यामुळे जमिनीलगत पसरत देवघरातल्या समईपर्यंत किंवा गॅसच्या शेगडीपर्यंत जाते. खिडक्या उघड्या ठेवा, त्या खोलीत झोपू नका. जवसाचं तेल आणि टर्पेंटाइन पुसलेली फडकी बोळा करून कोपऱ्यात टाकली तर ती आतून तापत जाऊन आपोआप पेटू शकतात, सरांच्या प्रयोगासारखी, फक्त सावकाश. ती उघड्यावर पसरून वाळवावीत नाहीतर पाण्याच्या डब्यात बुडवून ठेवावीत.

माळ्यावरची उरलेली बाटली कोणती हे पाहायचं असेल तर एक थेंब कागदावर टाकून दूर उभं राहून वास घ्या. रॉकेलसारखा आला तर खनिज, देवदाराच्या लाकडासारखा आला तर झाडाचं. बाटली मोरीत ओतू नका, रंगाऱ्याला देऊन टाका. आणि चुकून कुणाच्या पोटात गेलंच, तर उलटी करवू नका, मिठाचं पाणी नको, दूध नको. १०८ ला फोन करा किंवा रिक्षा मिळेल ती पकडून दवाखाना गाठा, आणि बाटली बरोबर घ्या, रिकामी असली तरी.